नारळीकरांशी वाद घालायला हवा

महाराष्ट्राने जयंत नारळीकरांवर भरभरून प्रेम केले. त्यांच्या विज्ञानकथा वाचत दोन पिढ्या वाढल्या. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यावरच्या मजकुरात एक वाक्य पुन्हापुन्हा येत राहिले: त्यांनी महास्फोट सिद्धांताला आव्हान दिले. हे आव्हान नेमके कशाला होते, कोणत्या युक्तिवादाच्या जोरावर होते आणि पुढे त्याचे काय झाले, याची चौकशी मात्र क्वचितच कुणी केली. पूर्णविराम पडला, की आपण पुढच्या सन्मानाकडे वळत होतो.

मला हे खटकते. ज्या माणसाने आयुष्याची साठएक वर्षे एका वादात घातली, त्याचा वाद बाजूला ठेवून त्याचा फक्त गौरव करायचा, हा त्याच्या कामाचा आदर नव्हे. शिवाय त्यातून एक विपरीत गोष्ट घडते. ‘नारळीकरसुद्धा महास्फोट मानत नव्हते’ हे वाक्य सुटे होते आणि कुणाच्याही हाती लागते. मग त्याच्या आधारावर कुणी पुराणांतली कल्पगणना सिद्ध झाल्याचे सांगतो, कुणी विज्ञानालाच काही ठाऊक नसल्याचे. त्यामुळे हा वाद उघडून पाहणे आणि त्यात कोण कुठे जिंकले, कुठे हरले हे स्पष्ट बोलणे गरजेचे वाटते. माझे मत आधीच सांगतो. नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी दिलेले उत्तर चुकले. पण त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता, आणि तो आजही सुटलेला नाही.

सुरुवात १९४८ मध्ये आहे. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले होते, की दीर्घिका जितक्या दूर, तितक्या वेगाने त्या आपल्यापासून लांब जात आहेत. प्रसरणाचा हा चित्रपट उलटा फिरवला, तर सगळे एकत्र कधी होते याचा हिशेब मांडता येतो. हबल यांच्या आकड्यांवरून तो काळ निघाला सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वीचा. इकडे खडकांतल्या किरणोत्सर्गावरून पृथ्वीचे वय ३०० कोटींच्या आसपास येऊ लागले होते. विश्व पृथ्वीपेक्षा लहान! आज ‘प्रस्थापित’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतो, तो सिद्धांत त्या काळी अशा उघड्या विसंगतीसह उभा होता. त्याला नाकारणारे हट्टी नव्हते. त्यांच्याकडे सबळ कारण होते.

केंब्रिजमधल्या हरमन बोंडी आणि थॉमस गोल्ड यांनी एक लेख लिहिला, हॉईल यांनी दुसरा. आपण विश्वात कुठल्या खास जागी नाही, हे कोपर्निकसपासून मान्य झालेले तत्त्व बोंडी आणि गोल्ड यांनी काळालाही लावले: आपण खास काळातही नाही. विश्व मोठ्या प्रमाणावर पाहिले, तर ते नेहमी असेच होते आणि असेच राहील; हाच स्थिर स्थिती सिद्धांत. दीर्घिका दूर गेल्याने जी पोकळी पडते, ती भरायला नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते. त्याचे प्रमाण अगदी नगण्य. एका घनमीटर जागेत साधारण शंभर कोटी वर्षांतून हायड्रोजनचा एखादा अणू. कुठल्याही प्रयोगशाळेत हे पकडता येणार नाही.

‘शून्यातून द्रव्य’ हा आक्षेप लगेच आला. त्यावर हॉईल यांचे म्हणणे मला आजही वजनदार वाटते. द्रव्य निर्माण झाले हे तर तुम्हीही मानता, फक्त सगळेच्या सगळे एका क्षणात, आणि तो क्षण तुम्ही भौतिकशास्त्राच्या कक्षेबाहेर ठेवता. मी ते थोडे थोडे मागतो, आणि समीकरणात बसवून मागतो. हॉईल यांनी त्यासाठी निर्मितीचे एक क्षेत्र कल्पिले, आणि पुढे नारळीकरांनी त्याचे गणित नेटके केले. आरंभाचा क्षण प्रश्नांच्या पलीकडे ठेवू नका, हा या मांडणीचा गाभा. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या प्रसरणात ईश्वरी निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा हॉईल यांच्यासारख्या निरीश्वरवाद्याचा संशय बळावणे साहजिक होते. पण त्या भाषणाने अस्वस्थ झालेल्यांत खुद्द जॉर्ज लमेत्र होते, महास्फोटाच्या कल्पनेचे आद्य प्रवर्तक आणि स्वतः कॅथलिक धर्मगुरू. दोन्ही बाजूंच्या माणसांना आपापल्या श्रद्धा होत्या. त्यावरून कुणाचे गणित खरे हे ठरत नाही, आणि कुणीही ठरवू नये.

स्थिर स्थिती सिद्धांताचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याला पळवाट नव्हती. विश्व नेहमी एकसारखे असेल, तर दूरच्या म्हणजेच जुन्या विश्वात आजच्यापेक्षा वेगळे काहीही दिसता कामा नये. एक जरी ठोस फरक दिसला, की सिद्धांत संपला. महास्फोटवाल्यांकडे त्या काळी वय, घनता, वक्रता अशा बऱ्याच गोष्टी हव्या तशा बदलून घ्यायची मोकळीक होती. हॉईल, बोंडी आणि गोल्ड यांनी मात्र आपली मान सुळावर ठेवली होती.

पहिला घाव घातला केंब्रिजच्याच मार्टिन राईल यांनी. त्यांनी आकाशातले रेडिओस्रोत मोजले. क्षीण, म्हणजे दूरचे स्रोत अपेक्षेपेक्षा फार जास्त आहेत. म्हणजे पूर्वीचे विश्व वेगळे होते, असा दावा त्यांनी १९५५ मध्ये केला. दावा जाहीर झाला, गाजला, आणि मग ऑस्ट्रेलियातल्या बर्नार्ड मिल्स यांच्या गटाच्या मोजणीने तो कोसळला. राईल यांच्या दुर्बिणीने शेजारशेजारचे अनेक स्रोत एकत्र मिसळून एकच म्हणून नोंदवले होते. त्यामुळे १९६१ मध्ये ते सुधारलेल्या मोजणीसह पुन्हा आले, तेव्हा हॉईल सावध होते. त्यांच्यासोबत कोल्हापुरात जन्मलेला, वाराणसीत शिकलेला बावीस वर्षांचा संशोधक विद्यार्थी होता. हॉईल आणि नारळीकर यांनी मिळून उत्तर लिहिले: दीर्घिका अवकाशात सारख्या पसरलेल्या नसून त्यांचे मोठे थर आणि मोठ्या पोकळ्या आहेत असे धरले, तर राईल यांची मोजणी स्थिर विश्वातही बसवता येते. इतक्या मोठ्या प्रमाणावर विश्व असे असमान असेल, हे त्या वेळी अनेकांना पटत नव्हते. पुढच्या दशकांत दीर्घिकांचे महासमूह आणि प्रचंड पोकळ्या खरोखरच सापडल्या. युक्तिवादाचा तो भाग बरोबर निघाला. राईल यांचा मूळ निष्कर्ष मात्र नंतरच्या मोजण्यांतून टिकला. दूरचे रेडिओस्रोत आणि क्वेसार जवळच्या विश्वापेक्षा खरोखरच वेगळे आहेत.

हॉईल-नारळीकर जोडीने १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत लंडनच्या रॉयल सोसायटीत मांडला, तेव्हा श्रोत्यांतून एक तरुण उभा राहिला आणि म्हणाला, की तुमच्या सिद्धांतातली एक राशी अनंत होते. तो स्टीफन हॉकिंग. त्याने ते गणित आधीच करून पाहिले होते. हॉकिंग यांच्या पीएच.डी. प्रबंधाचे पहिले प्रकरण याच सिद्धांताच्या चिकित्सेवर आहे. महास्फोटाच्या आरंभबिंदूविषयीचे ज्यांचे काम पुढे जगभर गाजले, त्या माणसाची धार या वादाच्या सहाणेवर लागली होती.

दुसरा घाव मात्र प्राणघातक होता. न्यू जर्सीतल्या होल्मडेल येथे बेल कंपनीच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारी मंद खरखर ऐकू आली. १९६५ मध्ये ती जाहीर झाली. सुमारे तीन केल्विन तापमानाचे हे पार्श्वप्रारण राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच, म्हणजे स्थिर स्थिती सिद्धांत मांडला गेला त्याच वर्षी, गणिताने वर्तवले होते. गरम, दाट आरंभाची ही राख होती. स्थिर विश्वात तिला मुळातून कारण नव्हते.

इथे हॉईल यांच्याविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती न सांगता त्यांना ‘महास्फोटाचा विरोधक’ म्हणणे अर्धवट आहे. ताऱ्यांच्या पोटात कार्बनपासून लोखंडापर्यंत आणि त्याही पुढची मूलद्रव्ये कशी शिजतात, हे समजावणारा १९५७ चा प्रसिद्ध शोधनिबंध त्यांनी जेफ्री आणि मार्गारेट बर्बिज व विल्यम फाउलर यांच्यासह लिहिला. पण विश्वातल्या हेलियमचे प्रमाण, वस्तुमानाच्या जवळजवळ पाव भाग, केवळ ताऱ्यांतून भरून निघत नाही. हे १९६४ मध्ये सांगणारे कोण? हॉईल आणि रॉजर टेलर. इतके हेलियम बनायला कधीतरी प्रचंड तापमान लागले असणार, हा त्यांचा निष्कर्ष. आणि १९६७ मध्ये रॉबर्ट वॅगनर, फाउलर आणि हॉईल यांनी गरम आरंभातून हलकी मूलद्रव्ये किती बनतील याचा जो तपशीलवार हिशेब केला, तो महास्फोटाच्या बाजूच्या भक्कम आधारांपैकी एक ठरला. विरोधकाने आपल्या हाताने प्रतिपक्षाचा पाया पक्का केला. आकडे जिकडे नेतील तिकडे जाण्याची ही ताकद मला हॉईल यांच्या कुठल्याही सिद्धांतापेक्षा मोठी वाटते.

पुढे मात्र हॉईल, नारळीकर आणि जेफ्री बर्बिज वेगळ्या वाटेने गेले. त्यांनी १९९३ मध्ये अर्धस्थिर स्थितीची मांडणी केली. त्यात विश्व अनादी आहे, दीर्घकाळात हळूहळू प्रसरण पावते, पण त्यावर प्रसरण-आकुंचनाच्या आवर्तनांची लाट आहे. द्रव्य एकाच महास्फोटात जन्मत नाही. प्रचंड वस्तुमानाच्या दाट गाभ्यांजवळ, लहान लहान स्फोटांतून ते जन्मते. पार्श्वप्रारण कुठून आले? ताऱ्यांनी आवर्तनांमागून आवर्तने ओतलेला प्रकाश. तो सुपरनोव्हांतून बाहेर पडलेल्या लोखंडाच्या, मिलिमीटरभर लांबीच्या अतिशय बारीक सुयांनी शोषला आणि पुन्हा उत्सर्जित करत एकसारखा केला. या कल्पनेमागे एक खरोखरच विचारात पाडणारा योगायोग आहे. विश्वातले सगळे हेलियम ताऱ्यांनीच बनवले असे धरून त्यातून सुटलेली ऊर्जा मोजली, तर ती पार्श्वप्रारणातल्या ऊर्जेच्या अगदी जवळ येते. नारळीकर हे ठासून मांडत. मलाही हा योगायोग झटकून टाकावासा वाटत नाही.

पण एका योगायोगावर विश्व उभे राहत नाही. कोबे उपग्रहाने १९९० मध्ये पार्श्वप्रारणाचा वर्णपट मोजून दाखवला, तो आदर्श कृष्णवस्तूच्या वक्राशी इतका तंतोतंत जुळला, की दोन्हींमधला फरक शोधणे हेच एक काम होऊन बसले. एका गरम, दाट अवस्थेतून आलेल्या प्रारणाचा वर्णपट असा असणे स्वाभाविक आहे. वेगवेगळ्या ताऱ्यांचा, वेगवेगळ्या काळातला प्रकाश सुयांमधून गाळून तितका निर्दोष करायचा, तर सुयांची लांबी, जाडी, संख्या आणि विखुरणे सगळे नेमके जुळवून घ्यावे लागते. त्यानंतर या प्रारणातले लक्षांश भागाइतके सूक्ष्म चढउतार मोजले गेले, आधी कोबेने, मग डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी. प्लँकने टिपलेला सारा नकाशा प्रस्थापित प्रतिकृती अवघ्या सहा संख्यांतून उलगडते. त्यातून साध्या द्रव्याचे जे प्रमाण निघते, तेच प्रमाण पहिल्या काही मिनिटांत बनलेल्या ड्युटेरियमवरूनही निघते. दोन वाटा पूर्णपणे वेगळ्या, एक अणुकेंद्रांच्या भौतिकीची, दुसरी ध्वनिलहरींसारख्या कंपनांची, आणि दोन्ही एकाच गावी पोचतात. असा परस्परांशी असंबंधित पुराव्यांचा मेळ अर्धस्थिर विश्वाकडे नाही.

प्रस्थापितांवर नारळीकरांचा मुख्य आरोप होता, की अडचण आली की तुम्ही नवे अदृश्य काहीतरी घालता: आधी कृष्णद्रव्य, मग इन्फ्लेशनचा तो अतिवेगवान फुगवटा, मग कृष्णऊर्जा. २००४ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’मध्ये तीसहून अधिक शास्त्रज्ञांनी जे खुले पत्र छापले, त्यात हाच रोख होता आणि सही करणाऱ्यांत नारळीकर, बोंडी, गोल्ड, हाल्टन आर्प होते. आरोपात तथ्य आहे. पण लोखंडी सुया आणि ऋण ऊर्जेचे निर्मितीक्षेत्र यांना वेगळा न्याय कसा लावायचा? १९४८ चा सिद्धांत एका फरकाने मरायला तयार होता, म्हणून तो सुंदर होता. १९९३ च्या मांडणीने तो निडरपणा गमावला. तरीही त्यातल्या काही गोष्टी तपासता येण्याजोग्या होत्या. मागच्या आकुंचनाच्या तळाशी ताम्रसृती, म्हणजे वर्णपटाचे तांबड्याकडे सरकणे, पाच-सहाच्या घरात धरलेली होती. २०२४ मध्ये वेब दुर्बिणीने १४ च्या वर ताम्रसृती असलेली दीर्घिका निश्चित केली. आकडे पुन्हा बदलून घेता येतील, हे खरे. पण किती वेळा?

एका बाबतीत हरलेल्या बाजूला तिचे श्रेय द्यायला हवे. स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असले पाहिजे. महास्फोटवाद्यांची अपेक्षा उलटी होती. गुरुत्वाकर्षणाने वेग मंदावेल, आणि तसा तो मंदावतो आहे असे दाखवणारी निरीक्षणे कित्येक वर्षे स्थिर विश्वाविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केली जात. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून दिसले, की प्रसरण खरोखरच वेगावते आहे. त्यावर २०११ चे नोबेल दिले गेले. यामुळे स्थिर विश्व पुन्हा जिवंत होत नाही, बाकीचे पुरावे त्याच्या विरोधात भक्कम आहेत. पण ज्या निरीक्षणाच्या बळावर एखादे मत फेटाळले, ते निरीक्षणच उलटे निघाले, तर त्याची नोंद ठळकपणे व्हायला हवी होती. ती तशी झाली नाही.

हाल्टन आर्प यांची कथा याहून कडू आहे. ‘ॲटलस ऑफ पिक्युलिअर गॅलेक्सीज’ हा त्यांचा १९६६ चा ३३८ विचित्र दीर्घिकांचा संग्रह आजही वापरात आहे. त्यांचे म्हणणे होते, की काही क्वेसार जवळच्या दीर्घिकांना जोडलेले दिसतात, पण दोघांची ताम्रसृती मात्र अगदी वेगळी. म्हणून ताम्रसृती नेहमी अंतर दाखवत नसावी. नारळीकरांनी या शक्यतेसाठी कणांचे वस्तुमान काळानुसार बदलण्याचे गणितही मांडले. आर्प यांचे लाडके उदाहरण होते एनजीसी ४३१९ ही दीर्घिका आणि तिच्या शेजारचा मार्केरियन २०५. नंतर त्या दुसऱ्याच्या प्रकाशात पहिल्या दीर्घिकेतल्या वायूने शोषलेल्या रेषा सापडल्या, म्हणजे तो तिच्या मागे, दूर आहे. आर्प चुकले. पण ते चुकलेत हे निरीक्षणांनी पूर्णपणे सिद्ध होण्याच्या आधीच, १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मोठ्या दुर्बिणींवर त्यांना वेळ देणे बंद झाले, आणि ते जर्मनीला निघून गेले. दुर्बिणीचा वेळ महाग असतो, समित्यांना निवड करावीच लागते, हे मान्य. तरी ज्याने चुकीची वाट धरली आहे, त्याला ती शेवटपर्यंत चालून पाहू द्यायची की अर्ध्यावर फाटक लावायचे, यात फरक आहे. फाटक लावले, की वाट चुकीची होती हे कळते पण पटत नाही, आणि मतभेदाचे रूपांतर तक्रारीत होते.

याच ठिकाणी पुण्याची गोष्ट मला जगाला सांगण्यासारखी वाटते. नारळीकर १९८८ पासून २००३ पर्यंत आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक होते. निवडी करायच्या, माणसे घ्यायची, दिशा ठरवायची सत्ता त्यांच्याकडे होती. ते स्थिर विश्वाचे मठाधिपती होऊ शकले असते. झाले काय? त्यांचे विद्यार्थी थानू पद्मनाभन तिथे आले आणि त्यांनी प्रस्थापित विश्वरचनाशास्त्रात जगमान्य काम केले. वरुण साहनी यांनी कृष्णऊर्जेवर काम केले, तरुण सौरदीप पार्श्वप्रारणाच्या चढउतारांत रमले. आणि २००० साली ‘नेचर’मध्ये आयुकाचे रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांचे फ्रेंच सहकारी यांचा शोधनिबंध आला. चिलीतल्या महादुर्बिणीने एका क्वेसारच्या वाटेतल्या प्राचीन वायूचा वर्णपट घेऊन त्यांनी त्या काळचे पार्श्वप्रारण किती गरम होते हे मोजले. महास्फोटाच्या हिशेबानुसार ते ९ केल्विनच्या आसपास हवे होते. मोजमाप ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान आले. पुढे २००८ मध्ये दुसऱ्या एका वायुमेघावरून अधिक नेमका आकडा मिळाला, तोही ९ च्या जवळ. विश्व पूर्वी खरोखरच जास्त गरम होते, याचा हा थेट पुरावा. तो उभा करण्यात महास्फोटाच्या सर्वांत नामांकित भारतीय टीकाकाराने उभ्या केलेल्या संस्थेतला माणूस होता, आणि पहिला निबंध छापून आला तेव्हा हे टीकाकार संचालकाच्या खुर्चीत होते.

मतभेदाचा प्रामाणिकपणा मी यावरून ओळखतो. सत्ता नसताना मोकळेपणाची मागणी सगळेच करतात. सत्ता आल्यावर स्वतःच्या विरोधातले मोजमाप आपल्या छताखाली होऊ देणे फार थोड्यांना जमते. नारळीकरांनी ते केले, आणि आपले मतही बदलले नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या.

प्रस्थापितांना हा संयम प्रत्येक वेळी साधलेला नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ प्रयोगाच्या गटाने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले, की विश्वाच्या पहिल्या निमिषातल्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्या, म्हणजे इन्फ्लेशनचा पुरावा मिळाला. जगभर जल्लोष झाला. जानेवारी २०१५ पर्यंत प्लँकच्या आकड्यांशी तो दावा ताडला, तेव्हा कळले, की दिसली होती ती प्रामुख्याने आपल्याच आकाशगंगेतली धूळ. इन्फ्लेशनच्या जनकांपैकी एक असलेले पॉल स्टाइनहार्ट आज त्याच कल्पनेचे कडवे टीकाकार आहेत. ही कल्पना इतकी लवचिक आहे, की कुठलेही निरीक्षण तिच्यात बसते, असे त्यांनी २०१७ मध्ये ॲना इजास आणि आव्ही लोब यांच्यासह लिहिले, तेव्हा हॉकिंगसह ३३ शास्त्रज्ञांनी एकत्र सह्या करून त्याचा प्रतिवाद केला. सह्यांच्या संख्येने भौतिकशास्त्र ठरत नाही, हे २००४ च्या पत्राला जितके लागू होते, तितकेच या पत्रालाही.

इथे एक भेद करायला हवा, जो आपल्याकडच्या चर्चेत सतत पुसला जातो. विश्व कधीकाळी अतिशय गरम आणि दाट होते, ते प्रसरण पावून थंड झाले, हे आता मला वादाच्या पलीकडचे वाटते. हेलियम, ड्युटेरियम, पार्श्वप्रारण, त्याचे पूर्वीचे तापमान, दूरच्या सुपरनोव्हांच्या घडामोडी आपल्याला संथ झालेल्या दिसणे, हे सगळे एकाच दिशेने बोलतात. पण त्या गरम अवस्थेच्या आधी काय, सारे विश्व खरोखर एका बिंदूतून निघाले काय, काळालाच आरंभ आहे काय, यातले काहीही सिद्ध झालेले नाही. समीकरणे मागे नेली, की एका ठिकाणी त्यांत अनंत येते. म्हणजे तिथे समीकरणे संपतात. विश्व तिथेच सुरू झाले असा त्याचा अर्थ काढायला आधार नाही. रॉजर पेनरोज युगांमागून युगे येणाऱ्या विश्वाची कल्पना मांडतात. शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुंजगुरुत्वाच्या एका मांडणीतून दाखवले, की त्या अनंताच्या जागी आधीच्या आकुंचनातून उसळी घेणारे विश्व मिळू शकते. या कल्पनाही अजून पुराव्याच्या प्रतीक्षेत आहेत. परंतु आरंभ भौतिकशास्त्राबाहेर ठेवायचा नाही, हा हॉईल यांचा आग्रह आता मुख्य प्रवाहातल्या संशोधकांचा रोजचा उद्योग झाला आहे. वयाचा आकडा १३८० कोटी वर्षे असा आपण पाठ्यपुस्तकात लिहितो. तो त्या गरम अवस्थेपासूनचा हिशेब आहे, हे त्याच ओळीत लिहायला हवे.

आज मुख्य प्रवाहातही तडे दिसतात. प्रसरणाचा दर (किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक या एककात) पार्श्वप्रारणावरून ६७ च्या आसपास निघतो, जवळच्या ताऱ्यांच्या आणि सुपरनोव्हांच्या शिडीवरून ७३ च्या आसपास, आणि मोजमापे सुधारली तरी दरी बुजत नाही. प्रत्यक्ष दिसणारे लिथियम हिशेबाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच आहे. वेबला सुरुवातीच्या विश्वात अपेक्षेपेक्षा जास्त तेजस्वी दीर्घिका दिसत आहेत. डेसी प्रकल्पाच्या निरीक्षणांवरून कृष्णऊर्जा स्थिर नसावी असा संशय बळावतो आहे. यावरून ‘महास्फोट खोटा ठरला’ अशा आरोळ्या उठतात. वेबची पहिली छायाचित्रे येताच २०२२ मध्ये एरिक लर्नर यांनी तशी आरोळी ठोकली होती. पण प्रकाश वाटेत थकतो म्हणून तांबडा होतो असे जो सांगतो, त्याने दूरचे सुपरनोव्हा संथपणे विझताना का दिसतात, याचेही उत्तर द्यायला हवे. ते उत्तर न देता दोष तेवढे मोजणे हा विरोध नव्हे.

आणि हीच कसोटी आपल्या घरातही लावायला हवी. नारळीकरांनी २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि कुठली कुणाची हे ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण नाणेफेकीइतकेही आले नाही. चाचणीचे नियम आधी ठरले, उत्तरे नंतर आली. स्थिर विश्वाच्या बाबतीत ते जे सोसत होते, तेच त्यांनी ज्योतिषापुढे ठेवले. म्हणून पुराणांतल्या कालगणनेला अर्धस्थिर विश्वाचा टेकू देणाऱ्यांनी आधी एक काम करावे. कोणते निरीक्षण आले तर आपली गणना चुकीची मानू, हे लिहून द्यावे. नारळीकरांच्या नावाचा आधार घ्यायचा, तर त्यांचा नियमही घ्यावा लागेल.

महाविद्यालयांत विश्वरचनाशास्त्र शिकवताना राईल यांचे १९६१ चे आकडे आणि त्यावरचे हॉईल-नारळीकरांचे उत्तर शेजारीशेजारी ठेवावे, असे मला वाटते. विद्यार्थ्यांनी ते गणित स्वतः करून पाहावे: कुठे पोकळ्यांचा युक्तिवाद टिकतो, कुठे तुटतो, पार्श्वप्रारण आल्यावर नेमके काय बदलले. मग १९९३ ची मांडणी घ्यावी आणि तिच्यातल्या सुया मोजाव्यात, तसेच प्रस्थापित प्रतिकृतीतले कृष्णद्रव्यही मोजावे. बहुतेक विद्यार्थी नारळीकरांच्या विरुद्ध निष्कर्षाला येतील. मीही आलो आहे. एखादा येणार नाही, आणि त्याला आपले म्हणणे तपासायला दुर्बिणीवर वेळ मागावासा वाटेल. तो द्यायला हवा.